चुलीलाही छप्पर हवे

सोलापूर जिल्ह्यात मोहोळ, मंगळवेढा किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या एखाद्या गावात नव्या घरकुलाच्या मागच्या बाजूला गेले, की बहुधा एक चूल दिसते. घरात ओटा असतो, ओट्यावर गॅसची शेगडी असते. तिच्यावर चहा होतो, पोरांच्या शाळेची घाई असली की चपात्याही होतात. पण भाकरी, अंघोळीचे पाणी, पाहुण्यारावळ्यांचे जेवण आणि उन्हाळ्यात कुरडयांचा चीक हे सगळे बाहेरच्या चुलीवर. सरकारी कागदांत मात्र ही चूल कुठेच नाही. घरकुलाच्या आराखड्यात तिला जागा नाही आणि उज्ज्वलाच्या हिशेबात ती केव्हाच विझलेली आहे. परसातला हा स्वयंपाक घराचाच भाग आहे असे मानून त्याला छप्पर, ओटा आणि दुरुस्तीपुरते पैसे मिळायला हवेत. ते नसल्याची झळ बारा महिने सोसते ती घरातली बाई.

चूल अजून का पेटते, याचे उत्तर अडाणीपणात शोधण्यात अर्थ नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिच्यामुळे गॅस गावोगाव पोहोचला, हे मोठे काम झाले. पण सरकारच्याच आकडेवारीनुसार उज्ज्वलाचे लाभार्थी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन टाक्या वापरत होते, आणि २०२४-२५ मध्ये हा आकडा साडेचारच्या आसपास आला. चार-पाच माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर केला तर टाकी महिना-दीड महिना टिकते, म्हणजे वर्षाला आठ ते बारा टाक्या लागतात. उरलेला स्वयंपाक कशावर होतो, हे सांगायला तज्ज्ञ नको. सोलापूर जिल्ह्यात तुराट्या, उसाची चिपाडे, गोवऱ्या आणि माळावर माजलेली वेडी बाभूळ हे सरपण बहुतेक फुकटचे असते. त्यात हा ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मंद आचेवर वाळवून केलेली इथली कडक भाकरी बचत गटांच्या बायका आज शहरोशहरी विकतात. दहा-पंधरा भाकऱ्या तव्यावरून उतरवून निखाऱ्याला लावायच्या असतील, तर चूल सोयीचीही पडते आणि परवडतेही.

परवडते खरी, पण या चुलीची निगा हे स्वतंत्र काम आहे आणि ते प्रत्येक ऋतूत बदलते. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो. पत्र्याच्या घरात तेव्हा जाळ करणे शक्य नसते, म्हणून स्वयंपाक बाहेर येतो. पण बाहेर सावली नसते, म्हणून तो पहाटे उरकावा लागतो. दुपारनंतर वारा सुटला की ठिणगीची धास्ती असते, कारण कडब्याची गंज बहुधा जवळच रचलेली असते. मृगाच्या आधी सरपण आडोशाला न्यायचे, गोवऱ्यांचा हुडवा रचून वरून शेणाने लिंपायचा. इथे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, तोही झोडपून. मातीची चूल अशा एका पावसात विरघळते. घमेले नाहीतर पत्र्याचा तुकडा पालथा घालून ती वाचवायची, नाही वाचली तर पुन्हा घालायची. दसरा-दिवाळीच्या सुमारास पांढरी माती, शेण आणि भुसा कालवून चूल नव्याने लिंपायची, वैलाचे तोंड नीट करायचे, दोन-चार दिवस सुकू द्यायची, तडा गेला की बुजवायचा. हिवाळ्यात पहाटे पाणी तापवायला तीच पेटते. ही डागडुजी गवंड्याची नसते आणि तिची मजुरी कोणी धरत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि माढा-मोहोळकडची गावे पाण्यात गेली. अशा वेळी मदतीच्या निकषांत भांड्याकुंड्यांना रक्कम असते, पण वाहून गेलेली चूल आणि भिजलेले वर्षभराचे सरपण कोणत्याच रकान्यात बसत नाही.

छप्पर नसण्याचा खरा तोटा पावसाळ्यात कळतो. सर आली की चूल घरात जाते. ओल्या लाकडातले पाणी उडवण्यात आचेचा बराच भाग खर्ची पडतो, जाळ नीट धरत नाही आणि अर्धवट जळालेला धूर खोलीत कोंडतो. म्हणजे वर्षात ज्या दिवसांत धूर सर्वांत जास्त, नेमक्या त्याच दिवसांत तो बंद खोलीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरापायी २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. यावर पहिला आक्षेप येतो तो इथूनच: चूल इतकी घातक असेल तर तिला सरकारी छप्पर देणे म्हणजे रोगाला आसरा देणेच नाही का? आक्षेप वजनदार आहे आणि मोकळ्या हवेतली चूलही निर्धोक नाही. तिच्यासमोर बसणारीच्या डोळ्यांत-छातीत धूर जातोच. पण आज निवड गॅस की चूल अशी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ग्रामीण भारतात मुख्यतः स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे ४३ टक्केच होती. उरलेल्या घरांत प्रश्न एवढाच आहे, की धूर बाहेर राहणार की आत कोंडणार. छप्पर धूर संपवत नाही. पण पावसाच्या दिवसांत तो झोपायच्या खोलीत येऊ देत नाही आणि सरपण कोरडे ठेवून तो कमीही करतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. हाच पैसा गॅसच्या अनुदानात का घालू नये? जरूर घालावा. उज्ज्वलाच्या टाकीमागे मिळणारे ३०० रुपये वाढले तर चूल कमी पेटेल, यात शंका नाही. पण ते अनुदान वर्षानुवर्षे द्यावे लागते, छप्पर एकदाच बांधायचे असते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि किमान २५ चौरस मीटरच्या घरात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली असावी असा दंडक आहे. शौचालयासाठी १२ हजार वेगळे मिळतात, आणि ते वेगळे मिळाले म्हणूनच शौचालये बांधली गेली. तोच न्याय चुलीला का नको? मागणी फार मोठी नाही. जमिनीपासून फूटभर उंच जोते, कंबरेइतका ओटा, वर पत्रा, पावसाळी वारा ज्या पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो तिकडे भिंत, बाकी बाजू मोकळ्या आणि एका कोपऱ्यात सरपणाची फळी. कडब्याची गंज कुठे रचायची हेही त्यामुळे आपोआप ठरेल.

तिसरा आक्षेप अनुभवाचा आहे आणि त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐंशीच्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्राने तो गुंडाळला. लाखो चुली वाटल्या गेल्या, पण धुराडी काजळीने तुंबली, माती तडकली, दुरुस्तीला कोणी आले नाही आणि बायकांनी त्या मोडून जुन्या चुली घातल्या. म्हणून नवी योजना नकोच, असे काहीजण म्हणतील. माझ्या मते धडा उलटा आहे. तेव्हा वस्तू दिली, निगा दिली नाही. आता निगेपासून सुरुवात करावी. गावातल्याच बचत गटातल्या दोघी-तिघींना चूल घालण्याचे, धुराडे साफ करण्याचे प्रशिक्षण द्यावे, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर अशा वर्षातून दोन फेऱ्या ठरवाव्यात आणि त्या कामाची मजुरी द्यावी. जे काम बाया आजवर फुकट करत आल्या, त्याला दर ठरला की त्याची दखलही घेतली जाईल.

पुणे-सोलापूर महामार्गावर ‘चुलीवरचे जेवण’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर हॉटेलवाल्याने चुलीवर पत्रा टाकलेला असतो, ओटा बांधलेला असतो, सरपण रचून ठेवलेले असते. धंद्याला जे सुचले ते योजना आखणाऱ्यांना सुचायला हरकत नव्हती. जिल्हा परिषदेने येत्या पावसाळ्याआधी किमान एका तालुक्यात घरकुलांच्या मागे अशा शेड बांधून बघाव्यात आणि त्यांचा आराखडा ठरवताना अभियंत्याच्या आधी चूल पेटवणारीला विचारावे.