आमची सिंधुबंदी

दरवर्षी शिवजयंतीला आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर मुलं सिंधुदुर्गाची गोष्ट सांगतात. 1664 साली महाराजांनी भर समुद्रात किल्ला बांधायला घेतला, हे ऐकून आईवडील टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात. त्याच मुलाच्या शाळेतून 'कॉर्नवॉल, तीन रात्री किनाऱ्यावर मुक्काम, सर्फिंगचे धडे' असं पत्र आलं की मात्र ते फ्रीजवरच्या मॅग्नेटखाली पिवळं पडत राहतं.

हे ऐकीव नाही. मिडलंड्समधल्या एका सरकारी शाळेत मी भूगोल शिकवते आणि आठवीची ही सहल आखायचं काम माझ्याकडे आहे. जाणाऱ्यांची यादी झाली की न जाणाऱ्यांची आपोआप होते. त्या दुसऱ्या यादीत आपली आडनावं इतकी असतात की स्टाफरूममध्ये मला एकदा विचारलं गेलं, "तुमच्यात समुद्र वर्ज्य आहे का?" मी हसून वेळ मारून नेली. पण खरं उत्तर काय देणार? समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं एके काळी आपल्याकडे मानत. आपण विमानात बसून सात समुद्र ओलांडले आणि कमरेएवढ्या पाण्यापाशी येऊन अडलो!

कारणं मला पाठ आहेत. पहिलं, "थंडी बाधेल." जुलैतही तिथलं पाणी 15-16 अंशांच्या आसपास असतं, हे खरं. म्हणूनच वेटसूट घालतात. त्याच्या रबरासारख्या जाड कापडात अडकलेले हवेचे बुडबुडे अंगाची ऊब धरून ठेवतात. दुसरं कारण कुजबुजत येतं, "मुलगी मोठी झाली आहे हो." अहो, तो सूट मानेपासून घोट्यापर्यंत असतो! मुलामुलींच्या खोल्या वेगळ्या, आणि रात्री शिक्षक त्याच मजल्यावर. तिसरं, "उन्हात काळी होईल." याला मी उत्तर देत नाही. चौथं, "ट्यूशन बुडेल." जीसीएसईला अजून तीन वर्षं आहेत. तीन दिवसांत बुडेल असा अभ्यास मुळात तरंगतच नव्हता.

पैशांचं कारण मात्र मी हसण्यावारी नेत नाही. बस, मुक्काम, प्रशिक्षण यांचा आकडा लहान नसतो आणि दोन मुलं असली तर छातीत धस्स होतं. पण हप्ते पाडून मिळतात का, शाळेकडे मदतनिधी आहे का, हे विचारायला संकोच कसला? आम्ही शिक्षक ही चौकशी चारचौघांत करत नाही. जेवणाची तक्रारही रास्त होती. पूर्वी शाकाहारी म्हणजे तिन्ही दिवस चीजचं सँडविच, अशी शाळेची समजूत होती. दोन पालकांनी लेखी कळवलं, मी पाठपुरावा केला, आणि आता राजमा-भात आणि भाजीचा पास्ता मिळतो. मुकाट्याने नाव काढून घेणाऱ्या वीस जणांमुळे जे झालं नाही, ते दोन पत्रांनी झालं.

आता शेवटचं आणि खरं कारण, भीती. तिला मी हसणार नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. ती बातमी वाचून मीही रात्रभर जागी होते. या देशालाही हे दुःख ठाऊक आहे. 22 मार्च 1993 रोजी डॉर्सेटच्या लाइम बे इथे कायाकिंगला गेलेली शाळेची चार मुलं गेली. प्रशिक्षक पुरेसे तयार नव्हते आणि मदत बोलवायला तासन्‌तास उशीर झाला. पण पुढे काय झालं, तेही पाहा. 1994 साली केंद्राच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि 1995 साली साहसी उपक्रमांच्या केंद्रांसाठी कायदा आला. समुद्र बंद झाला नाही, निष्काळजीपणाला आळा घातला गेला.

तो कायदा सगळीकडे पुरतो असंही नाही. परवाना लागणाऱ्या उपक्रमांच्या यादीत कायाकिंग आहे, सर्फिंग नाही. म्हणून तर पालकांनी प्रश्न विचारले पाहिजेत. एका प्रशिक्षकामागे मुलं किती? आठांहून जास्त असली तर हरकत घ्या. त्याच्याकडे प्रशिक्षणाची आणि जीवरक्षणाची प्रमाणपत्रं आहेत का? त्या तारखांना किनाऱ्यावर जीवरक्षक असतात का? समुद्र खवळला तर पर्यायी बेत काय? पोहता न येणाऱ्यांची वेगळी सोय काय? माझ्या पालकसभेत हे प्रश्न इंग्रज आया विचारतात, नि उत्तरं मिळाली की सही करतात. आपण विचारत नाही नि सहीही करत नाही. वर मुलाला सांगतो, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी तो नववीत असतो, आणि सहल आठवीचीच असते.

तिथे पहिला तास वाळूवरच जातो. लाल-पिवळ्या झेंड्यांमध्ये पोहायचं, काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या झेंड्यांमध्ये फळी घेऊन जायचं, लाल झेंडा असला की पाण्यात पाऊलही टाकायचं नाही. आत ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याविरुद्ध झगडायचं नाही, फळी सोडायची नाही, हात वर करून हाक मारायची. भरती-ओहोटीत पाणी किती सरकतं, ते मुलं डोळ्यांनी बघतात. मुरूडला, गणपतीपुळ्याला, तारकर्लीला सुट्टीत आपण याच मुलांना नेतो ना? तेव्हा त्यांना हे कोण शिकवणार? समुद्र न दाखवता वाढवलेलं मूल समुद्रापासून सुरक्षित नसतं. एक दिवस मित्रांबरोबर ते जाणारच, फक्त अडाणी म्हणून जाईल.

आणखी एक सांगते. सहलीनंतरच्या सोमवारी वर्गात सगळे त्याच गप्पा मारतात. कोण किती वेळा पडलं, कोणाच्या नाकात पाणी गेलं, कोण रात्री घोरलं. आपली मुलं तेव्हा वहीत मान घालून बसतात. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असते, तरी ते मला दिसतं. आम्ही त्यांच्यासाठीच या देशात आलो, असं आपण सांगतो. मग निदान वर्गातल्या गप्पांत तरी त्यांना जागा मिळू द्या.

या शाळेच्या वर्षात असं पत्र घरी येईल. लगेच सही करा, असं मी म्हणत नाही. आधी वरचे प्रश्न शाळेला लिहून पाठवा. उत्तरं समाधानकारक नसतील तर खुशाल नकार द्या, आणि शाळेला कारणही कळवा. पण उत्तरं चांगली आली, तर पत्र मॅग्नेटखालून काढा आणि सही करा.