शेणकिड्याचें भाग्य

ज्या किड्याला पाहून आपल्याकडील मूलहि पाय आवरून घेतें, त्या शेणकिड्याला प्राचीन मिसर देशांत देवत्व लाभलें होतें, असें सांगितल्यास घरांतील मंडळींस हसूं येईल. परंतु त्यामागील विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. शेणाचा वाटोळा गोळा ढकलीत नेणारा हा किडा पाहून त्या लोकांस सूर्यबिंब आकाशांतून पुढें लोटणाऱ्या शक्तीचें स्मरण झालें, व प्रातःकाळच्या सूर्यास, म्हणजे खेप्रीस, त्यांनीं त्याचेंच रूप दिलें. त्यांच्या चित्रलिपींत या किड्याची आकृति 'होणें', 'उत्पन्न होणें' या अर्थीं येते. आमच्या 'भू' धातूचें काम तिकडे एक किडा करीत असे म्हणाना!

याच आकाराचे लहान ताईत बहुधा शंखजिऱ्याच्या मऊ दगडांत कोरून त्यांवर निळी-हिरवी झिलई चढवीत. लांबीच्या दिशेनें भोंक पाडून ते दोऱ्यांत ओंवीत किंवा अंगठींत बसवीत. वर किडा आणि खालच्या सपाट बाजूस नांव, हुद्दा, शुभवचन अथवा नक्षी. त्यामुळें तोच ताईत मुद्रेच्याहि कामीं येई. तिसरा थुतमोस या राजाचें नांव तर त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकें कोरलें जात होतें. म्हणून केवळ नांवावरून ताइताचें वय ठरवितां येत नाहीं. इ. स. पू. १४ व्या शतकांतील तिसरा आमेनहोतेप यानें मोठे कीटक घडवून, आपण पहिल्या १० वर्षांत १०० हून अधिक सिंह मारल्याची वार्ता त्यांवर कोरविली.

परंतु आम्हांस सर्वांत विचारणीय वाटतो तो मृताच्या छातीवर ठेवीत तो 'हृदय-कीटक'. परलोकीं मनुष्याचें हृदय तराजूंत घालून, सत्याची देवता माअत हिच्या पिसाबरोबर तोलतात, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून त्या दगडावर हृदयालाच विनवणी कोरीत कीं, त्या वेळीं तूं माझ्याविरुद्ध साक्ष देऊं नकोस. साक्षीदार शेजारी नव्हे, भाऊबंद नव्हे, तर आपलेंच हृदय, हें त्यांनीं ओळखलें होतें. मात्र त्याचें तोंड दगडानें बंद होईल, अशी आशाहि त्यांनीं बाळगली.

या आशेला हसण्यापूर्वीं आपण आपल्या घराकडे पाहावें. वाटणीच्या वेळीं धाकट्या भावाचें कांहीं दडवून ठेवावयाचें आणि मागाहून दानधर्म करून मनाची समजूत घालावयाची, असे गृहस्थ आपल्यांतहि आढळतात. त्यांच्या आणि मिसरी लोकांच्या आशेंत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. भावाचें भावास परत करणें, हाच त्यावर आम्हांस सुचणारा उपाय आहे. आणि तो जिवंतपणींच करितां येतो.