विश्लेषण : धरण भक्कम, पण खालचा खडक किती ‘ताठ’? सुरक्षा तपासणीत हा आकडा का महत्त्वाचा?

धरण सुरक्षा कायदा, 2021 देशभर लागू झाला तो 30 डिसेंबर 2021 रोजी. या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या प्रत्येक जुन्या धरणाची पहिली सर्वंकष सुरक्षा तपासणी स्वतंत्र तज्ज्ञांच्या पथकाकडून पाच वर्षांच्या आत करून घेण्याचे बंधन धरणमालकावर आहे. ही मुदत 30 डिसेंबर 2026 रोजी संपते. देशातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. यातली बहुतांश मातीची असली, तरी कोयना, भंडारदरा, खडकवासला, राधानगरी, मध्य वैतरणा अशी दगडी किंवा काँक्रीटची महत्त्वाची धरणेही आहेत. अशा धरणांच्या तपासणी अहवालात एक आकडा असतो, ज्याकडे सामान्य वाचकाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे पायाखालच्या खडकाची ताठरता. हा आकडा नेमका काय सांगतो आणि तो चुकला तर काय होते, याचे विश्लेषण.

ग्रॅव्हिटी धरण उभे कशाच्या जोरावर राहते?

स्वतःच्या वजनाच्या. कोयनेचेच उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील हे धरण 103 मीटर उंच आहे. त्याच्या सर्वांत उंच भागाचा पाया सुमारे 70 मीटर रुंद आहे. समोर 91.7 मीटर खोल पाणी असेल, तर धरणाच्या दर एक मीटर लांबीवर पाणी सुमारे 4,200 टनांचा आडवा रेटा देते. त्याच एक मीटर लांबीच्या धरणाचे वजन भरते साधारण 9,500 टन. पाणी ढकलते आणि वजन रोखून धरते, असा हा सामना आहे.

पुराच्या पाण्यात उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. पाण्याचा रेटा वाढला की त्याची टाच हलकी होते आणि भार चवड्यावर जातो. धरणाचेही तसेच असते. जलाशयाकडच्या पायाच्या टोकाला अभियंते टाच म्हणतात आणि नदीकडच्या टोकाला चवडा. टाच कधीही उचलली जाऊ नये, म्हणजेच तिथे दाबच राहावा, ओढ निर्माण होऊ नये, हा नेहमीच्या भारासाठी रचनेचा मूळ नियम आहे. कारण काँक्रीट आणि दगडी बांधकाम दाब उत्तम सोसते, ओढ मात्र फारशी सोसत नाही.

कागदावरचा हिशेब काय सांगतो?

पारंपरिक हिशेबात पायावरचा दाब टाचेपासून चवड्यापर्यंत सरळ रेषेत बदलतो असे मानतात. कोयनेच्या सर्वांत उंच भागाच्या आकारावरून ढोबळ गणित केले, तर जलाशय पूर्ण रिकामा असताना टाचेवर दर चौरस मीटरला सुमारे 290 टन दाब येतो आणि चवड्यावर जवळपास काहीच नाही. जलाशय भरला की दोन्ही टोकांचा दाब 130 ते 140 टनांच्या घरात येतो. पायाखाली झिरपून धरणाला वर उचलू पाहणाऱ्या पाण्याचा पूर्ण दाब वजा केला, तरी टाचेवर 40 टनांच्या आसपास दाब उरतो. म्हणजे कागदावर सगळे आलबेल.

पण या गणितात एक गोष्ट कुठेच आली नाही, ती म्हणजे खालचा खडक. तो बेसॉल्ट असो, ग्रॅनाइट असो वा मऊ थर, उत्तर तेच येते. प्रत्यक्षात तसे नसते.

ताठरता म्हणजे मजबुती का?

नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. मजबुती म्हणजे वस्तू किती भाराला तुटेल. ताठरता म्हणजे भार आल्यावर ती किती कमी दबेल. रबर सहज तुटत नाही, पण दबते फार. काच दबत नाही, पण तुटते. ताठरता गिगापास्कलमध्ये मोजतात. धरणातील काँक्रीटची ताठरता साधारण 20 ते 35 गिगापास्कल असते. कोयनेच्या अभ्यासांत ती 31 गिगापास्कलच्या आसपास धरली जाते. सह्याद्रीतील अखंड, कठीण बेसॉल्टचा तुकडा प्रयोगशाळेत तपासला तर हा आकडा 50 च्या वरही जाऊ शकतो.

मात्र धरण त्या तुकड्यावर उभे नसते. डोंगरातल्या खडकात भेगा, सांधे, पोकळ्या असतात. दोन लाव्हा थरांच्या मध्ये अनेकदा तांबडा, मातकट थर सापडतो आणि तो भिजला की आणखी मऊ होतो. त्यामुळे जागेवरच्या खडकाची ताठरता प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या कितीतरी खाली येऊ शकते. धरणातील ताणांसाठी महत्त्वाचे असते ते खडक आणि काँक्रीट यांच्या ताठरतेचे गुणोत्तर.

खडक ताठ असेल तर धरण जास्त सुरक्षित ना?

सरसकट असे म्हणता येत नाही. खडक काँक्रीटपेक्षा खूप ताठ असेल तर धरणाचा पाया जणू शिकंजात पकडल्यासारखा होतो. पाण्याच्या रेट्याने धरण पुढे झुकू पाहते, पण पाया हलत नाही. मग सगळी ओढ टाचेच्या कोपऱ्यात गोळा होते. सरळ रेषेच्या हिशेबात जिथे 40 टन दाब दिसत होता, तिथेच संगणकीय विश्लेषणात छोट्या पट्ट्यात ओढ दिसू शकते.

यात आणखी एक मेख आहे. संगणकीय पद्धतीत धरणाचे बारीक तुकडे पाडून हिशेब होतो. टाचेच्या टोकदार कोपऱ्यात तुकडे जितके बारीक कराल, तितका ओढीचा आकडा वाढत जातो. म्हणून ‘टाचेवर कमाल ओढ अमुक’ एवढाच आकडा देणारा अहवाल अपुरा म्हणावा लागतो. ओढीचा पट्टा किती लांब आहे, भेग पडलीच तर ती कुठे थांबेल आणि त्या भेगेत पाणी शिरल्यावर काय होईल, हे खरे प्रश्न आहेत.

मग मऊ खडक बरा का?

गादीवर लाकडी पाट ठेवून त्यावर बसून पाहा. पाटाच्या कडा गादीत जास्त रुततात. मऊ खडकावर धरणाच्या वजनाचा दाबही असाच मध्यभागी कमी आणि दोन्ही टोकांना जास्त होतो. त्यामुळे टाचेवर दाबाची शिल्लक वाढते आणि पाण्याच्या रेट्याने येणारी ओढ सौम्य होते. एवढेच पाहिले तर मऊ खडक फायद्याचा वाटेल.

पण याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. मऊ खडक धरणाच्या वजनाने पसरतो आणि पसरताना धरणाचा तळही आडवा ताणतो. धरण जास्त खचते, जास्त झुकते. शेजारच्या भागांमधले सांधे सरकू शकतात. टाचेजवळ खडकात सिमेंट भरून पाणी अडवण्यासाठी जो पडदा केलेला असतो, तो फाटू शकतो. तो फाटला की खालून वर ढकलणारा पाण्याचा दाब वाढतो आणि टाचेवरची शिल्लक पुन्हा घटते. थोडक्यात, ताठ खडकात ओढ एका ठिकाणी साठते, तर मऊ खडकात हालचाल वाढते. रचना करताना दोन्हींची तजवीज करता येते, पण खडक कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

सर्वांत मोठा धोका कोणता?

असमान खडक. अर्धा पाट गादीवर आणि अर्धा फरशीवर ठेवला तर काय होईल, याचा विचार करा. पायाखाली एका पट्ट्यात कठीण बेसॉल्ट आणि शेजारी मऊ थर असेल, तर भार कठीण भागाकडे धाव घेतो आणि दोन्हींच्या सीमेवर धरणाच्या अंगात भेग पडू शकते. म्हणूनच पाया खोदताना मऊ पट्टा दिसला की तो खरवडून त्यात काँक्रीट भरतात. दंतवैद्य किडलेला भाग कोरून दात भरतो, तसाच हा प्रकार. भेगाळलेल्या खडकात छिद्रे पाडून सिमेंटचे पाणी दाबाने भरतात, तेही त्याची ताठरता वाढवण्यासाठी आणि ती सगळीकडे सारखी करण्यासाठी.

पायाकडे दुर्लक्ष झाल्यावर काय होते, हे फ्रान्समधील मालपासे धरणाने दाखवून दिले. 2 डिसेंबर 1959 रोजी हे धरण फुटले आणि 400 हून अधिक लोकांचा बळी गेला. ते कमानी धरण होते, ग्रॅव्हिटी धरण नव्हे. पण काँक्रीटच्या भिंतीत खोट नव्हती. डाव्या काठाचा खडक पाण्याच्या दाबाखाली सरकला आणि त्यासोबत भिंतही गेली.

कोयनेच्या भूकंपाने काय शिकवले?

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 रिश्टर तीव्रतेच्या भूकंपाने कोयना परिसर हादरला. सुमारे दोनशे जणांचा मृत्यू झाला. धरण उभे राहिले, पण त्याच्या उंच भागांत पुढून-मागून आडव्या भेगा पडल्या. त्या पायाजवळ नव्हत्या. तळापासून सुमारे 66 मीटर उंचीवर, जिथे धरणाचा मागचा उतार एकदम बदलतो, त्या ‘माने’जवळ होत्या. या भेगा भरण्यात आल्या आणि नंतर मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम आधार देऊन ते भाग मजबूत करण्यात आले.

तेव्हापासून कोयना हे जगभरातील धरण अभियंत्यांचे परीक्षा पाहण्याचे उदाहरण बनले आहे. ‘अबॅकस’सारख्या नामांकित सॉफ्टवेअरच्या सोडवलेल्या उदाहरणांतही ते आहे. मात्र त्या उदाहरणात खडक पूर्णपणे ताठ, अजिबात न दबणारा मानलेला आहे. शिकण्यासाठी हे ठीक, पण प्रत्यक्ष धरणासाठी नाही. भूकंपात खडकही हलतो, दबतो. त्यामुळे धरणाच्या हेलकाव्यांचा वेग बदलतो आणि कंपनांची काही ऊर्जा खडकात खोलवर निघून जाते. खडक ताठ मानला तर बहुतेक वेळा ताण प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतात. पण हेलकाव्यांचा बदललेला वेग भूकंपाच्या लाटांशी जुळला तर उलटेही घडू शकते. म्हणून ‘खडक ताठ धरला, म्हणजे हिशेब सुरक्षित बाजूला’ हे गृहीतक बिनधोक नाही.

हा आकडा मिळवायचा कसा?

खडकात बोगदा किंवा चर खोदून जॅकने दाब देतात आणि खडक किती दबतो ते मोजतात. खडकातून ध्वनिलहरी किती वेगाने जातात यावरूनही अंदाज बांधतात. देशात अशा कामाचा अनुभव असलेल्या संस्थांमध्ये पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. जुन्या धरणांच्या पायाखाली आता जॅक लावता येत नाही. पण त्यांची एक परीक्षा निसर्ग दरवर्षी घेतो. जून ते ऑक्टोबरदरम्यान जलाशय भरतो, हजारो टनांचा रेटा वाढतो आणि धरण काही मिलिमीटर झुकते. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते परत येते. धरणाच्या पोटातील गॅलरीत लोंबणारे ओळंबे ही हालचाल नोंदवतात. तापमानाचा परिणाम वेगळा काढला, तर या नोंदींवरून खालच्या खडकाची ताठरता उलट्या गणिताने काढता येते. वर्षानुवर्षे तेवढ्याच पाण्याला धरण थोडे थोडे जास्त झुकत असेल किंवा उन्हाळ्यात पूर्ण परत येत नसेल, तर पायात काहीतरी बदलत आहे, असा तो इशारा असतो.

यासाठी यंत्रे चालू हवीत आणि नोंदी सलग हव्यात. ओळंबा बंद पडला, नोंदवहीत मधली वर्षे कोरी राहिली, तर ही फुकटची परीक्षा वाया जाते.

नागरिकांनी अहवालात काय पाहावे?

गणित तपासणे तज्ज्ञांचे काम आहे, पण तीन प्रश्न कुणीही विचारू शकतो. खडकाची ताठरता जागेवर मोजली की पुस्तकातून घेतली? सगळ्या पायासाठी एकच आकडा वापरला की प्रत्येक भागासाठी वेगळा? आणि तो आकडा निम्मा किंवा दुप्पट धरला तर निष्कर्ष बदलतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर निदान या आकड्यातील अनिश्चिततेमुळे निष्कर्ष डळमळत नाही, असे म्हणता येते. ते ‘हो’ असेल, तर नवे काँक्रीट ओतण्याआधी खडक मोजण्यावर पैसा खर्च व्हायला हवा. धरणाची भिंत सगळ्यांना दिसते. ती ज्याच्यावर उभी आहे तो खडक कुणालाच दिसत नाही, म्हणून त्याची माहिती कागदावर तरी स्पष्ट असायला हवी.