विश्लेषण : विज्ञानाची उन्हाळी शिबिरे वडप्यात कधी येणार?

मुंबई-नाशिक महामार्गावरील वडपे आज भिवंडीच्या गोदाम पट्ट्यात मोडते. जवळच आमणे येथे समृद्धी महामार्ग येऊन मिळतो. त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. माल थेट दारात येऊ लागला. पण नववी-दहावीच्या मुलांनी सुट्टीत स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत आणि ‘पुढे काय’ हे जाणत्या माणसाला विचारावे, अशा सोयी आजही मोठ्या शहरांतच एकवटल्या आहेत.

सध्या काय उपलब्ध आहे?

इस्रोचा ‘युविका’ हा कार्यक्रम २०१९ पासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी चालतो. मे महिन्यातील सुमारे दोन आठवड्यांचा प्रवास, निवास, भोजन हा खर्च इस्रो करते. निवडीत ग्रामीण शाळांना वेगळे गुण आहेत. पुण्याच्या आयुकात शाळकरी मुले सुट्टीत आठवडाभर शास्त्रज्ञांसोबत प्रकल्प करतात. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून शालेय विज्ञानावर काम करते.

मग अडचण कुठे?

संख्येत आणि माहितीत. युविकासाठी देशभरातून जेमतेम काहीशे मुले निवडली जातात. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन परीक्षांच्या धामधुमीत भरायचे असतात. शाळेत कुणी लक्ष ठेवून नसेल, तर तारीख उलटून जाते. खासगी शिबिरांची फी आणि रोजचा प्रवास गोदामात राबणाऱ्या पालकांना परवडणारा नाही.

करिअर मार्गदर्शन तर होतेच ना?

राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीची कलचाचणी झाली. २०२० मध्ये ‘महाकरिअर’ पोर्टल आले. दोन्हींचा हेतू चांगला. पण ज्या मुलीने कधी सर्किट जोडलेले नाही, तिला इलेक्ट्रॉनिक्स आवडते की नाही हे पडद्यावरची यादी कशी सांगणार? आधी करून पाहणे, मग सल्ला, हाच क्रम योग्य. आपल्याकडे तो उलटा आहे.

वडप्यात काय करता येईल?

प्रयोगशाळेची वाट पाहायची गरज नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचा १३ अंकी बारकोड घ्या. पहिल्या १२ अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जो अंक लागतो, तोच तेरावा. बेरीज दहाच्याच पटीत आली, तर तेरावा अंक शून्य. स्कॅनर चूक पकडतो तो याच गणिताने. फोर्कलिफ्टच्या मागच्या बाजूला जड वजन का असते, हा तरफेचा धडा. पत्र्याच्या आणि सिमेंटच्या छताखालचे तापमान दर तासाला मोजले, की उष्णतेचा धडा तयार. मे महिन्यात विहिरीची पातळी रोज नोंदवली, तर तो खरा संशोधन प्रकल्प ठरतो.

मार्गदर्शकही लांब नाहीत. इलेक्ट्रिशियन, फोर्कलिफ्ट दुरुस्त करणारा, साठ्याचा हिशेब संगणकावर ठेवणारी तरुणी यांनी आपण काय शिकलो, कुठे शिकलो, पगार किती, हे तासभर सांगितले तरी आयटीआय, डिप्लोमा आणि अकरावी विज्ञान यांतला फरक मुलांना कळेल.

जबाबदारी कुणाची?

पुढाकार जिल्हा परिषदेने घ्यावा. पंचक्रोशीतील माध्यमिक शाळांसाठी एका शाळेत दहा दिवसांचे शिबिर, शिक्षकांना मानधन, मुलांना नाश्ता आणि मुलींसाठी ने-आण एवढे पुरे. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. शिक्षण त्यात बसते. या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या अशा कंपन्यांकडे तो निधी मागायला हवा. अट एकच : शिबिराच्या नावाखाली मुलांना कामाला जुंपता कामा नये.

गोदामात नोकरी करणे कमीपणाचे नाही. पण दुसरे काही माहीतच नव्हते म्हणून ती पत्करावी लागणे, हा अन्याय आहे. तो टाळायचा तर पुढच्या मेची तयारी याच डिसेंबरात सुरू व्हायला हवी.