ऐंशी रुपयांचे जेवण



लग्नसराई आणि शाळांच्या सुट्ट्या एकदमच येतात आणि आपल्या इंदूर स्टेशनवर मराठी बोलणे अचानक वाढते. कोणी अवंतिकेने मुंबईला निघालेले असते, कोणी पुण्याच्या गाडीने. पूर्वी आपण तिकडे काका-मावशीकडे जात असू, आता मुलांकडे जातो. म्हणजे जाणारे बहुतेक साठीच्या पुढचे आणि पुष्कळदा एकटे. या अंकात वस्तीतल्या नळाच्या पाण्यावर लिहायचे ठरले होते. ते पुढच्या वेळी. आज रात्रीच्या गाडीतल्या जेवणावर लिहितो आहे, कारण तो विषय आमच्या घरी थोडक्यात निभावला.

आईला मधुमेह आहे आणि रात्री जेवणाआधी ती इन्सुलिन घेते. तिला घेऊन निघालो होतो. गाडीचे किंवा ठेकेदाराचे नाव लिहीत नाही, त्यांच्याशी माझे वैर नाही. घाईत डबा केलेला नव्हता. जेवणाची ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलाला विचारले, किती वेळ? तो म्हणाला, ‘अंकल, दस मिनिट.’ त्या दहा मिनिटांच्या भरवशावर आईने इंजेक्शन घेतले. जेवण आले दीड तासाने. तोवर तिला दरदरून घाम सुटला होता, हात कापत होते आणि मला ती मामाच्या नावाने हाक मारू लागली होती. समोरच्या बर्थवर एक गुजराती कुटुंब होते. त्यांच्यातल्या बाईंनी न विचारता थेपले आणि वाटीभर छुंदा पुढे केला. त्या गोड छुंद्याने आई सावरली. मी मात्र तोवर पँट्रीच्या दिशेने डब्यामागून डबे तुडवत होतो.

पुढचे सांगायला लाज वाटते. जेवणाचे त्या मुलाने प्रत्येकी १२० रुपये मागितले. बिल मागितले तर म्हणाला, ‘मशीन बंद है.’ मी पैसे दिले आणि गप्प बसलो. बँकेच्या काउंटरवर सही नसलेली स्लिप मी गेली वीस वर्षे परत करतो आहे, मग समोरचा कितीही चिडो. तोच मी तिथे व्हाउचरशिवाय २४० रुपये देऊन मोकळा झालो. रात्रीची वेळ, आईची तब्येत, कशाला तोंडी लागायचे! आपण सगळे असेच म्हणतो आणि ही सगळी व्यवस्था आपल्या या ‘कशाला’वरच चालते.

परत आल्यावर दर काढून पाहिले. रेल्वेने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवून दिल्याप्रमाणे मेल-एक्स्प्रेस गाडीत साधे शाकाहारी जेवण ८० रुपयांना आहे, करासकट. तेच स्टेशनवरच्या स्टॉलवर ७० ला. त्यात काय असावे हेही ठरलेले आहे : १५० ग्रॅम भात, १५० ग्रॅम घट्ट वरण किंवा सांबार, १०० ग्रॅम भाजी, दोन पराठे नाहीतर चार पोळ्या, ८० ग्रॅम दही आणि १२ ग्रॅम लोणचे. लोणच्याचेसुद्धा वजन लिहून ठेवणारी ही रेल्वे! कागदावर तक्रारीला जागाच नाही. पण दही न दिल्याचे आपल्याला कळणार कसे, दही द्यायचे असते हेच ठाऊक नसेल तर? पाण्याचेही तसेच. ‘रेल नीर’ची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १५ ऐवजी १४ रुपयांना झाली. एक रुपया परत मागायला आपल्याला संकोच वाटतो, आणि असा संकोच एका गाडीत किती जणांना वाटत असेल याचा हिशेब कोणत्याही कॉमर्सवाल्याने करून पाहावा.

हे रडगाणे फक्त माझे नाही. कॅगने ७४ स्टेशने आणि ८० गाड्या तपासून जुलै २०१७ मध्ये संसदेत अहवाल ठेवला. नळाचे न गाळलेले पाणी पेयांत वापरलेले, अन्न उघडे, गाड्यांत उंदीर-झुरळे, दरपत्रक नाही, बिल नाही, असे सगळे त्यात आहे. धोरणे वारंवार बदलल्यानेही घोळ वाढला असे त्यात म्हटले होते. खरेच आहे. २००५ च्या धोरणाने खानपानाचे काम महामंडळाकडे गेले, २०१० मध्ये ते विभागीय रेल्वेकडे परत आले आणि २०१७ मध्ये पुन्हा महामंडळाकडे. बँकेत एक खाते असे तीनदा या शाखेतून त्या शाखेत गेले, तर ग्राहकाचे पासबुक कोणत्या टेबलावर पडले आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्या अहवालानंतर ‘बिल नाही तर जेवण फुकट’ अशा पाट्या लागल्या. पाटी चांगली आहे. पण ती खरी करायला प्रवाशाने तोंड उघडावे लागते.

आपल्या जुन्या घरांत या प्रश्नाला एकच उत्तर होते, ते म्हणजे डबा. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, आणि वर इंदुरी शेव. खंडव्याच्या छोट्या लाइनने जाणाऱ्यांना आठवत असेल, पातालपाणीचा घाट उतरला की कालाकुंडला पळसाच्या पानातला कलाकंद मिळायचा. खंडव्याला उतरून मोठ्या लाइनच्या गाडीची वाट पाहत फलाटावरच पंगत बसायची. (ही लाइन तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये साडेचार टक्क्यांनी दिलेल्या एक कोटीच्या कर्जावर उभी राहिली. मुदत १०१ वर्षे! असे कर्जखाते हाताळायला मिळाले असते तर!) महूपलीकडची मीटरगेज गाडी २०२३ च्या सुरुवातीला थांबली. पातालपाणी ते कालाकुंडदरम्यान पर्यटकांची हेरिटेज गाडी २०१८ मध्ये सुरू झाली होती, पण आपल्या पंगतीचा आणि तिचा संबंध नाही.

डब्याचे गुणगान करणाऱ्यांना मात्र एक सांगायचे आहे. डबा सुनेने किंवा लेकीने पहाटे उठून करायचा असतो. आता त्याही नऊला कामावर जातात. सत्तरीतल्या एकट्या आजीने दशम्या भाजाव्यात आणि मग स्वतःच बॅग उचलून स्टेशनवर जावे, ही अपेक्षा बरी नव्हे. तेव्हा ‘घरून न्यावे’ म्हणून रेल्वेला मोकळे सोडता येणार नाही. आणि जनरलच्या डब्यातल्या माणसाचे काय? त्याच्यासाठी २०२३ पासून काही स्टेशनांवर जनरल डब्यांसमोर २० रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचे मिळू लागले. योजना चांगली आहे, पण तो गर्दीतून उतरून परत चढू शकला तर!

मुले पुण्यात असतील तर त्यांनी एक करावे. तिकिटाचा पीएनआर नंबर टाकून ई-केटरिंगवर आईवडिलांचे जेवण तिथूनच सांगता येते, ते ठरलेल्या स्टेशनवर बर्थपाशी येते. गाडी दोन तास उशिरा असली तर तेही दोन तास उशिरा, हे लक्षात ठेवावे. आणि मधुमेह्यांना हात जोडून सांगणे की ताट हातात पडेपर्यंत इंजेक्शन घेऊ नका, खिशात साखरेची पुडी ठेवा. जास्त पैसे मागितले किंवा बिल नाकारले तर १३९ वर फोन करावा. तक्रारीचा नंबर मिळतो तो लिहून घ्यावा.

निवडणूक आली की प्रत्येक उमेदवार आपल्याला नवी गाडी देतो. मनमाडच्या ३०९ किलोमीटरच्या लाइनला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, त्याचा आनंद आपल्याला सर्वांत जास्त आहे. पण चालू गाडीत रात्री नऊला काय मिळते हे आजवर एकाही सभेत कोणी विचारलेले मी ऐकले नाही. आपणही विचारले नाही. मंडळाच्या वतीने रतलामच्या मंडल रेल्वे प्रबंधकांना निवेदन द्यावे, असे कार्यकारिणीपुढे मांडतो आहे : आपल्या गाड्यांच्या प्रत्येक डब्यात दरपत्रक ठळक लावावे, जेवणाची वेळ ऑर्डर घेतानाच लिहून द्यावी, बिलाचे मशीन बंद असेल तर हाताने बिल फाडावे. नुसते निवेदन फायलीत जाते. त्याला जोडायला कागद हवेत. येत्या दोन महिन्यांत जे प्रवास करतील त्यांनी जेवणाची बिले मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावीत, मागे तारीख, गाडी आणि डब्याचा क्रमांक लिहून. बिल मिळाले नसेल तर साध्या कागदावर तेवढेच लिहावे, किती पैसे दिले ते लिहावे आणि खाली सही करावी. सहीशिवाय मी घेणार नाही.