शॉवर स्वतः बदला, साहेब

फौजेतली एक गंमत मला अजून पचलेली नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल उघडून पुन्हा जोडणारा माणूस घरातला शॉवर गळायला लागला की तक्रारवहीत एक ओळ लिहितो आणि खाली बादली ठेवून मोकळा होतो. वॉशर सुपारीएवढा, आटे अर्ध्या इंचाचे, काम वीस मिनिटांचं. पण हात लावायचा नाही. का, तर क्वार्टर सरकारी, मुक्काम दोन-तीन वर्षांचा आणि दुरुस्ती करणारे दुसरे कोणीतरी.

तक्रार लिहिण्याला माझा विरोध नाही. वाहिनी फुटली, भिंतीत ओल आली तर ती लिहायलाच हवी. माझा विरोध तिसऱ्या वाटेला आहे, म्हणजे युनिटमधल्या एखाद्या पोराला घरी बोलावून पाना हातात देण्याला. "तो खुशीने करतो" असं हमखास ऐकायला मिळतं. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची खुशी मोजायची कशी? तो भरती झाला तो साहेबांच्या न्हाणीघरातली तोटी आवळायला नव्हे. खडकवासल्यात आपले बूट आपण घासले, आपली खाट आपण लावली. मग खांद्यावर फुलं चढत गेली आणि हात मात्र कामातून उतरत गेले.

बरं, काम तरी काय आहे? आपल्याकडच्या घरांत शॉवरची नळी, बिबकॉक, अँगल कॉक या बहुतेकांचे आटे अर्ध्या इंचाचेच असतात, त्यामुळे बाजारातला साधा शॉवर सहसा कुठेही बसतो. आधी गीझरचं बटण बंद. मग न्हाणीघराचा कॉक बंद. तो नसेल किंवा गंजून बसला असेल तर गच्चीवरच्या टाकीचा. खालचा नळ उघडून नळीतलं पाणी काढून टाका. पाना लावण्याआधी जुन्या शॉवरभोवती फडकं गुंडाळा, म्हणजे चकाकी जात नाही. आट्यांवरची जुनी टेप, सुतळी, सफेदा खरवडून काढा. नवी टेफ्लॉन टेप आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना तीच सुटत जाते. पातळ टेप असेल तर दहा-बारा वेढे चालतात. नंतर हाताने बसेल तेवढं बसवा आणि पान्याने जेमतेम अर्धा फेरा.

इथे आम्हा फौजी लोकांची खोड आडवी येते: आणखी थोडा जोर. हल्लीच्या घरांत भिंतीत प्लास्टिकचा पाईप आणि त्याच्या टोकाला पितळी आटे असतात. जास्त पिळलंत तर तडा आत जातो, दिसत नाही आणि महिन्याभराने पलीकडच्या खोलीचा रंग फुगतो. भिंतीत पुरलेला डायव्हर्टर आणि गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ही कामं प्लंबरचीच. त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. गरम-थंड मिक्सर मात्र घरी बदलता येतो. त्याच्या दोन तोंडांत साधारण सहा इंचांचं अंतर असतं आणि थोडा फरक असला तर वाकडे पाय फिरवून जुळवता येतो. गरम पाणी डावीकडे.

जुन्या कॅन्टोन्मेंटच्या बंगल्यांत अजून कुठे कुठे बिडाचा टब दिसतो. त्यात अंघोळ करताना मी कोणाला पाहिलं नाही. बादल्या ठेवायला तो उत्तम.

शॉवर उघडला की त्या मुलखाचं पाणी कळतं. जोधपूरला जाळीच्या भोकांत पांढरा थर बसतो. शॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासला की नवा घ्यावा लागत नाही. आसामात पाण्यात लोह, नळाच्या जाळीत तांबडा गाळ. जाळी काढून धुतली की धार परत येते. लेहला तर हिवाळ्यात रात्री नळ्या रिकाम्या कराव्या लागतात, कारण आत राहिलेलं पाणी गोठताना फुगतं आणि पाईप फाडतं. थेंबाथेंबाचा हिशोबही एकदा करून पाहा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. राजस्थानात पाण्याच्या टँकरसाठी उभ्या राहिलेल्या बाया पाहिल्यावर हा आकडा नुसता आकडा राहत नाही.

आणि हे आपल्यापुरतंही नाही. नवरा फील्डला गेला की दोन-दोन वर्षं घर एकट्या बायकोच्या अंगावर असतं. रात्री अकराला नळ तुटला तर मुख्य कॉक कुठे आहे हे कोणाला ठाऊक हवं? खरं सांगायचं तर बऱ्याच घरांत ते तिलाच ठाऊक असतं आणि साहेबांना नसतं. मुलांनाही दाखवून ठेवा. निवृत्तीनंतर पुण्यात किंवा साताऱ्याकडे गावी घर बांधलेले आमचे कितीतरी सीनियर आज वॉशरसाठी प्लंबरच्या फोनची चार-चार दिवस वाट बघतात. तिथे तक्रारवही नाही आणि युनिटही नाही.

काळ्या ट्रंकेत दोन पाने, पेचकस, टेफ्लॉनची चार रिळं, अर्ध्या इंची वॉशरची पुडी आणि एक जास्तीचा अँगल कॉक टाकून ठेवा. एवढ्या सामानाला जागा लागत नाही. सरकारी क्वार्टरमध्ये स्वतःचा शॉवर लावणार असाल तर जुना फेकू नका, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा. मार्चिंग आउटच्या दिवशी यादीत तोच मोजला जातो, तुमचा महागडा नव्हे.