मदत गव्हाची, मदत लाठीचीही



परदेशी मदत म्हटली की आपल्याला पीएल-480 चा गहू आठवतो. त्याच मदतीच्या दुकानात दुसराही माल होता. तो होता पोलिसांच्या शिक्षणाचा.

1962 साली केनेडी सरकारने आपल्या 'एड' या मदतसंस्थेत सार्वजनिक सुरक्षेचे वेगळे कार्यालय उघडले. वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय पोलीस अकादमी चालवली. सत्तरहून अधिक देशांतले पाच हजारांवर अधिकारी तिथे शिकले. जमाव कसा पांगवावा, अश्रुधूर कसा सोडावा, चळवळींवर नजर कशी ठेवावी, हे धडे. पाटीवर नाव मात्र सोज्वळ: सार्वजनिक सुव्यवस्था. ब्राझील, उरुग्वे, दक्षिण व्हिएतनाम इथे सल्लागार गेले. तिथले पोलीस कैद्यांचा कसा छळ करतात, हे जगापुढे आले. बोभाटा एवढा झाला, की 1974 साली अमेरिकेच्या काँग्रेसनेच परदेशी पोलिसांच्या मदतीवर कायद्याने बंदी घातली. पुढे त्या बंदीला अपवादांची ठिगळे लागली. 1983 साली दहशतवादविरोधी प्रशिक्षणाचे दार उघडले.

आता गव्हाकडे या. भारताने 1956 साली पीएल-480 चा करार केला. 1966 साली देशात सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आले. स्वस्त गव्हाने शहराचे पोट भरले आणि आमच्या ज्वारीचा भाव पाडला. त्याच कायद्यात एक कलम होते: धान्य विकून जमलेला स्थानिक पैसा संरक्षणाला आणि अंतर्गत सुरक्षेला वापरता येईल. दक्षिण व्हिएतनाममध्ये असा पैसा मोठ्या प्रमाणात लष्करी खर्चात गेला. भारतात तसे झाले, असे आम्ही म्हणत नाही. पण कायदा करणाऱ्याची नियत बघा. आधी धान्य ओतायचे, आणि त्याच धान्याच्या पैशातून बंदोबस्ताची सोय ठेवायची!

शहाणे विचारतील, शिकलेला पोलीस अडाणी पोलिसापेक्षा बरा नाही का? गोळीपेक्षा पाण्याचा फवारा बरा नाही का? बरा आहे, कबूल. पण प्रशिक्षण शिकवते ते जमाव कसा हटवायचा. जमाव का जमला, हे कोणत्याच अकादमीत शिकवत नाहीत. 2011 साली मावळात जलवाहिनीला विरोध करणारे तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. 2017 साली मंदसौरला भाव मागणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, पाच जण गोळीने मेले. 2020 साली दिल्लीच्या वेशीवर थंडीत पाण्याचे फवारे आले. हत्यार बदलले, प्रश्न तसाच राहिला.

कापसाला उत्पादन खर्च भरून निघेल एवढा भाव मिळाला, तर कोणता शेतकरी कामधंदा सोडून रस्त्यावर बसेल? अव्यवस्था बाजारात आहे, सरकारी धोरणात आहे. ती ठेवून रस्त्यावरची सुव्यवस्था मागणे म्हणजे चोराला सोडून फिर्यादीला बांधणे.

म्हणून जिल्हा सभेत आम्ही ठराव मांडत आहोत. जमाव हाताळण्याच्या प्रशिक्षणासाठी परदेशातून पैसा, माल किंवा शिक्षक आले, तर कोणाकडून, किती आणि कशासाठी, हे सरकारने विधानसभेत सांगावे. आणि आंदोलकांपुढे पोलीस धाडण्याआधी बोलणी करणारा मंत्री धाडावा.

आम्हाला मदत नको. आमच्या मालाचा भाव पाडू नका, एवढेच पुरे. मग तुमच्या लाठीला कामच उरणार नाही.